ऊन उतरेपर्यंत

“फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा,” पलीकडून नर्स म्हणाली. “श्वास ऐकायचाय मला.”

तिने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली. उशी तेवढी उरली होती, बिनखोळीची. फोन धरायचा तरी कुणाजवळ? आणि न धरावा, तर सोंग उघडं पडणार.

तातडीच्या उपचारांसाठी आता थेट इस्पितळाच्या दारात जाऊन बसायचं नाही, आधी फोन करायचा, अशी नवी पद्धत आली होती. ती कितपत चालते हे पाहण्याचं काम तिच्या कचेरीकडे होतं. “रोगी खोटा चालेल, रोग खरा वाटला पाहिजे,” साहेबांनी बजावलं होतं. हा शेवटचा फोन तिने आप्पांच्या खोलीत येऊन लावला आणि वडील म्हणून त्यांचाच आजार सांगितला. छातीत दडपण, घाम, हात जड. अशी सोय तेव्हा असती तर आप्पा वाचले असते का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

त्या दुपारी ती गाडी आणायला निघाली, तर आप्पांनी हातानेच थांबवलं. “ऊन उतरू दे, मग बघू.” जन्मभर तिने त्यांचं काही ऐकलं नाही, ते नेमकं त्या दिवशी ऐकलं.

तिने फोन उशीवर ठेवला. पंखाही बंद होता. थोड्या वेळाने उचलला.

“ताई, गाडी पाठवतेय. दार उघडून ठेवा,” नर्स घाईने म्हणाली. “आणि ते ऊन उतरू दे म्हणतायत ना, ते मुळीच मनावर घेऊ नका. एकेक हट्टी असतात. आमच्याकडेही तोच नमुना आहे.”

हे वाक्य तिने फोनवर उच्चारलंही नव्हतं.

ती उठली. दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या सताड उघडल्या. गाडी कुणा खऱ्या माणसाच्या वाट्याची होती. निघायच्या आत सांगायलाच हवं होतं.

“हा तपासणीचा फोन आहे. गाडी पाठवू नका.” मग पलंगाकडे पाठ करून, अगदी हळू, “इथे कुणी आजारी नाही.”

मग नर्स हसली.

“अहो, जीव काढलात माझा! पण ते आजोबा कोण हो? काय झकास वठवलं! सांगा त्यांना.”

“सांगते,” ती म्हणाली.

तिने तपासणीचा कागद पुढे ओढला. फोन लगेच उचलला का? होय. योग्य सल्ला मिळाला का? होय. रुग्णाशी थेट बोलणं झालं का?

पेन थांबलं. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायावर होतं. ते उतरेपर्यंत ती दार तसंच उघडं ठेवून बसून राहिली.

मग तिने ‘होय’ लिहिलं.