अठ्ठावीस खुंटांचा डोळा

लावणीच्या आदल्या दिवशी बाबा नगरपालिकेच्या गच्चीवर मोजणीची दुर्बीण लावून उभे होते, आणि चिझुरु समोरच्या खाचरात गुडघाभर चिखलात काठी धरून. वरून कर्ण्यातून आवाज येत होता.

"डावीकडे. अजून. अगं, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या."

"तुम्ही कुठल्या बाजूला तोंड करून आहात ते इथून दिसत नाही, बाबा."

"नगरसेविका झालीस तरी डावं-उजवं शिकली नाहीस."

बांधावर बसलेले लोक हसले. चिझुरुने काठी सरकवली, खुंट ठोकला आणि पुढच्या हाकेची वाट पाहत उभी राहिली.

ओगिनोसावा या जपानी गावात एकोणीस वर्षं भाताचं चित्र लावत. हिरव्या, जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पानांची रोपं ठरल्या जागी लावायची आणि दोन महिन्यांनी गच्चीवरून बघायचं. गच्चीवरून चित्र सरळ दिसावं म्हणून जमिनीवर ते ताणून आखावं लागे; जितकं लांब, तितकं जास्त ताणायचं. हा हिशेब तोकुजी, म्हणजे चिझुरुचे बाबा, करत. जन्मभर मोजणीदार होते, आता अठ्ठ्याहत्तरीला आले होते.

दरवर्षी नगरपालिका या कामाला चाळीस लाख येन देई. पण गेल्या हिवाळ्यात सुट्या भागांचा कारखाना बंद पडला, आणि डायलिसिसच्या रोग्यांना शहरात नेणारी गाडी बंद पडायची वेळ आली. मार्चच्या सभेत चित्राला पैसे देण्याचा ठराव वाचला गेला. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहायचं, अशी पद्धत. नऊपैकी चार उभे राहिले. चिझुरु टेबलाच्या लाकडावरच्या रेषा बघत बसून राहिली. ठराव एका मताने पडला, पैसे गाडीला गेले. मागच्या बाकावर बाबा होते. संध्याकाळी जेवताना ते एवढंच म्हणाले, "आज मुळा बरा आंबलाय." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

चित्र मात्र थांबलं नाही; यंदा घोडा ठरला होता. जमीनमालकाने भाडं सोडलं, लोकांनी घरोघरी रोपं तयार केली. खुंटांसाठी दरवर्षी चार मजूर असत, ते तेवढे गेले. खुंटांच्या मोळ्या बाबाच वाहायचे, आणि मग चार मजले चढून दुर्बिणीशी जायचे.

दुपारी इवाबुची मावशी तळलेला टोफू घेऊन आली. गावात टोफूचं दुकान तिचंच.

"तोकुजीसान, खा. आणि ऐकून घ्या. माझ्या टोफूवरच्या करातून गवताचा घोडा नको, हे मी तोंडावर सांगितलं होतं. तुमच्या लेकीने माझं ऐकलं."

"मग उद्या येऊ नका."

"का म्हणून? कराला खिसा लागतो, लावणीला कंबर. खिसा फाटलाय, कंबर शाबूत आहे."

बाबांनी सावकाश घास चावला. "फुकटच्या कंबरा किती वर्षं पुरतील, मावशी?"

चिझुरुला काहीतरी बोलायचं होतं. तिने भाताचा गोळा बाबांपुढे सरकवला.

"घोड्याचा डोळा उद्या पहाटे," बाबा उठत म्हणाले. "ऊन चढलं की दुर्बिणीत लांबचं हलतं. अठ्ठावीस खुंट राहिलेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर होती, कधीही फुटली असती, खुर्चीत बसल्या बसल्यासुद्धा. चिझुरुने मान हलवली. त्या आठवड्यात ते जिने किती वेळा चढले असतील, याचा हिशेब ती करत होती आणि दरवेळी चुकत होती.

अंत्यसंस्कार झाले. पाचव्या दिवशी तबकातली रोपं पिवळी पडू लागली, तेव्हा तीनशेच्यावर माणसं खाचराशी जमली. डोळ्याची जागा मोकळीच होती. बाबांच्या पिशवीत एक कागद सापडला. दोन कोपऱ्यांच्या खांबांपासून प्रत्येक खुंटाचं अंतर, अठ्ठावीस ओळी, त्यांच्या बारीक अक्षरात. चिझुरुने फीत घेतली. दुसरं टोक मावशीने धरलं.

अठ्ठाविसावा खुंट ठोकून दोघी मागे सरल्या. चिखलात लांबच लांब, निमुळतं काहीतरी झालं होतं. चौदा पावलं लांब, दोन पावलं रुंद.

"हा डोळा?" मावशी म्हणाली. "ही तर काकडी झाली. जरा आवळू या का?"

ही चूक गावाने एकदा केली होती. दुसऱ्या वर्षी कोल्ह्याचं तोंड वाकडं दिसतंय म्हणून भल्या माणसांनी खुंट सरळ केले, आणि तो कोल्हा उन्हाळाभर दात दुखत असल्यासारखा उभा होता. बाबा तेव्हा म्हणाले होते, जमिनीवरून नीट दिसलं की समजावं, बिघडलं.

चिझुरुने पुन्हा कागद पाहिला. आकडे लिहिताना बाबांचं डोकं दुखत असेल का? एखादा आकडा त्या दुखण्यात चुकला असेल का? वर जाऊन बघण्यात अर्थ नव्हता. दुर्बिणीतलं तिला काही कळत नव्हतं, आणि कोवळी जांभळी रोपं हिरव्यासारखीच दिसतात. लोक तिच्याकडे बघत थांबले होते.

"लावा," ती म्हणाली. "बोटभरही सरकवायचं नाही."

जून गेला. जुलैत लोक गच्चीवर जाऊ लागले. चिझुरु त्याच इमारतीत सभांना जायची, पण वर गेली नाही. कोणी तिला चित्राबद्दल काही बोलेल म्हणून ती घाबरत होती, आणि कोणी बोलेना म्हणूनही.

महिन्याच्या अखेरीस एका सकाळी ती चढली. चार मजले, मध्ये न थांबता.

कठड्याशी वीसेक माणसं होती. चिझुरु त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

खाली घोडा होता. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत, डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकच घोडा, मान वळवून उभा. जमिनीवर तिने जे जे वेडंवाकडं पाहिलं होतं, ते सगळं आपापल्या जागी येऊन बसलं होतं. ओढ्याकडून वारा आला. आयाळीतलं जांभळं भात लवलं, उठलं; लाट मानेवरून पाठीवर गेली, आणि घोड्याने श्वास सोडला. खुराजवळच्या रस्त्यावरून डायलिसिसची पांढरी गाडी चालली होती, नखाएवढी.

आणि डोळा गोल होता. चौदा पावलांची ती काकडी इथून गोल होती, ओली, दाट जांभळ्या पानांनी काळीभोर, आणि तो घोडा गच्चीकडेच बघत होता. दुर्बीण असायची तिकडे.

चिझुरुने कठडा घट्ट धरला. शेजारी मावशी होती. तिने एकदा बघितलं आणि सरकून जागा करून दिली.

"बाबा," चिझुरु म्हणाली, मोठ्याने, सभेत बोलावं तसं. "त्या गाडीसाठी मी पुन्हाही बसूनच राहीन. पण तेव्हा वळून तुमच्याकडे बघायला हवं होतं. हे बघून खाली उतरावंसं वाटत नाही, बाबा. पहिल्या वर्षीही वाटलं नव्हतं. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही."