पत्र पाठवून घेतलेलं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत जंतू शोधायची सभ्य पद्धत आहे. आधी पत्र जातं. ज्या इस्पितळाचं सांडपाणी तपासायचं त्याला कळवतात, की अमुक तारखेला दहा वाजता येतोय, सहकार्य करावे. इस्पितळ सहकार्य करतं. नऊलाच मागच्या गटारात ब्लीचिंग पावडरचं पोतं रिकामं होतं. दहाला मी झाकण उचलते तेव्हा पोहण्याच्या तलावाचा वास येतो. त्या पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू आम्ही शोधतो, आणि ते औषधालाही सापडत नाहीत.

या न सापडण्यावर आमचे मुख्य संशोधक आठ वर्षं परिषदा गाजवतायत. पाठीमागे आम्ही त्यांना शून्यसाहेब म्हणतो. मीच ठेवलेलं नाव, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मग दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, खुब्याचं ऑपरेशन आम्ही तपासलेल्या अशाच एका इस्पितळात ठरलं.

"दारातच तुमचा अहवाल काचेत लावलाय," तो फोनवर म्हणाला. "वाचला आणि हो म्हणून टाकलं."

सोमवारी मी पत्रबित्र न पाठवता तिथे गेले आणि मागच्या गटारातून बाटली भरून आणली. प्लेटवर जंतूंचा थर पसरून वर औषधांच्या सहा टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ उरतं. बुधवारी पाहिलं तर एकही वर्तुळ नव्हतं. अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात त्या औषधालाही जंतू खेटून बसले होते.

प्लेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"पत्राचा जावक क्रमांक?"

"पत्र पाठवलं नव्हतं."

"मग हा नमुनाच नाही. नष्ट करा. आणि परवानगीशिवाय का गेलात, ते लेखी द्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धारत मी दादाकडे गेले. दुसऱ्या दिवशी भरती व्हायचं म्हणून तो पिशवी भरत होता. मी मोबाइलवर प्लेटचा फोटो दाखवला. पत्र, पोतं, शून्यसाहेब, सगळं सांगितलं. साहेबांची नक्कलही केली. दादा हसला नाही.

"त्या अहवालावर दोन सह्या आहेत," तो म्हणाला. "वरची साहेबांची. खालची, नमुना तपासणाऱ्याची?"

"माझी."

"ब्लीचिंगचा वास तेव्हाही आला होता?"

"दरवेळी येतो."

मी मोबाइलवरचा फोटो बंद केला. मला माझी लाज वाटली.

"तुझ्या साहेबाला मी कुठे ओळखतो गं," दादा म्हणाला. "मी खालची सही बघून हो म्हटलं होतं."

त्याने काठी भिंतीला टेकवली, खाटेवर बसला आणि पिशवीत भरलेला टॉवेल परत बाहेर काढला.