एकभुक्त

"आज्जी, गोळी दे गं," चिन्मयी म्हणाली, आणि अंबुबाईंनी पाण्याच्या घोटाबरोबर गोळी दिली. सकाळचे नऊ वाजले होते. गोळीची वेळ चुकवतील त्या अंबुबाई कसल्या!

दहा वर्षांच्या नातीच्या नडगीच्या हाडात ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. साधी आहे, कॅन्सर नव्हे, असं बेळगावच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पण दुखायला लागलं की पोर उशी चावायची. सुई घालून गाठ जाळायची तारीख महिन्याभराने मिळाली होती. तोवर दिवसाला तीन गोळ्या, त्याही खाल्ल्यावरच.

चिन्मयीची आई प्रियदर्शनी सकाळी सातलाच चिकोडीच्या ऑफिसला निघायची. मागे निपाणीच्या घरात आजी आणि सुट्टीतली नात. अंबुबाईंनी महादेवाला एकवीस दिवसांच्या एकभुक्ताचा नवस बोलला होता, दिवस मावळल्यावर एकदाच जेवायचं. तिसऱ्या दिवशी नातही हट्टाने सामील झाली. माझ्या पायासाठी तू उपाशी, मग मी का खाऊ, म्हणाली. आईला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं. कौतुकाच्या भरात गोळीआधीचे दोन घास अंबुबाई विसरल्या. खरं तर विसरल्या नव्हत्या. देवाच्या कामात गोळी काय बाधणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गेले चार दिवस पोर पोट धरून बसायची. चेहरा पांढराफटक पडला होता. आज एकोणिसावा दिवस. दहाच्या सुमारास संडासातून हाक आली.

"आज्जी, डांबरागत काळं झालंय बग."

बाहेर येता येता ती उंबऱ्यातच कोसळली.

शेजारच्या मष्णूने दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. प्रियदर्शनीचा फोन लागत नव्हता. गोळीआधी काय खाल्लं होतं, असं डॉक्टरांनी कन्नडमधून विचारलं. अंबुबाईंना कन्नड चांगलं येत होतं, तरी त्यांनी आधी मष्णूकडे बघितलं. शेवटी मान खाली घालून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पोटात रक्तस्राव होत होता. रक्ताची पिशवी लागली. तोंडाने काही द्यायचं नाही, आणि ती गोळी बंद. दुसरं औषध सलाईनमधून देऊ, पण तेवढा आराम पडेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाठ जाळायची तारीखही पुढे जाणार होती. अंबुबाई घड्याळाकडे बघत बसल्या. दुपारच्या गोळीची वेळ टळली, आणि तीन वाजता पाय ठणकून पोरीची बोटं चादर आवळू लागली.

"आज्जी," ती हळूच म्हणाली, "काय खाऊ नको म्हणाल्यात न्हवं? मग आपला उपास मोडला न्हाय."

मष्णूने आणलेला बिस्किटांचा पुडा अंबुबाईंनी फोडला आणि पोरीला दिसेल असं एक बिस्कीट तोंडात घातलं. खिडकीत अजून कडक ऊन होतं.

"मोडला बग म्या. आता तुजाबी संपला."

चिन्मयी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग आता पाय?" तिने विचारलं.

अंबुबाईंनी तिची नडगी दोन्ही हातांत धरली आणि कोरडं बिस्कीट चावत राहिल्या.