बारेंड खिडकीतून उतरला तो दिवस

बारेंडने आयुष्यभर लोकांची कपाटं, पियानो आणि लग्नाचे पलंग खिडक्यांतून आत घातले, बाहेर काढले. त्यामुळे आम्स्टरडॅममधलं घर सोडायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मीही खिडकीतूनच जाणार."

बायकोने, ग्रीतने, हातातली कॉफी खाली ठेवली. गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तो तिसऱ्या मजल्यावरून खाली आला नव्हता. जिना कसला, शिडीच ती. लेकीने, आन्केने, होर्न गावात तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं आणि त्याला न्यायला बंबवाल्यांची शिडी सांगायची असं ठरवलं होतं. पट्ट्यांनी बांधून, आडवं निजवून.

"पार्सल करून? मुळीच नाही. छपराखाली सामान चढवायची तुळई आहे, आकडा आहे, वाउटरकडे दोर आहे. खुर्चीत बसेन."

"आणि पडलास तर?"

"चाळीस वर्षांत माझ्या हातून एक बशी फुटलेली नाही, ग्रीत."

"बशी फुटली तर दुसरी मिळते."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. दोन वर्षांत त्याने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. पाय मागितले नाहीत, ऊन मागितलं नाही, जे ताटात येईल ते खाल्लं. पहिल्यांदाच काही मागत होता, आणि ती भीतीपायी नाही म्हणत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच वाउटरला फोन केला.

वाउटर बारेंडच्याच हाताखाली तयार झालेला. आता त्याचे स्वतःचेच केस पिकले होते. शनिवारी सकाळी तो दोन माणसं घेऊन आला. वर खोलीत शेजारची लीस बारेंडला खुर्चीत पट्टे लावत होती. त्याने ठेवणीतली टोपी घातली होती.

"वाउटर! कप्पीला तेल घातलंस का?" खिडकीतून आवाज आला.

"घातलं, बारेंडकाका!"

"गाठ?"

"तुम्ही शिकवली तीच!"

"मग देवच रक्षण करो!"

खाली मात्र गडबड झाली होती. दोराला चार माणसं हवीत, हा बारेंडचाच नियम. चौथ्याची पाठ धरली होती, तो येणार नव्हता.

"काकांना कळू देऊ नका," वाउटर दबक्या आवाजात म्हणाला. "कळलं तर खिडकीत बसून तासभर माझा उद्धार करतील."

ग्रीतने कोटाच्या बाह्या वर सारल्या. "मी धरते."

"काकू, तुम्ही?"

"पन्नास वर्षं हेच ओझं ओढतेय. आज काय नवीन आहे?"

मालाच्या गाडीमागे, जिथून वरचं काही दिसत नव्हतं, तिथे ती दोराच्या शेवटच्या टोकाला उभी राहिली. दोर ताणला गेला. आता बारेंड हवेत होता, हे तिला हातांनी कळलं.

कालव्यातून पर्यटकांची होडी चालली होती. त्यातली माहिती देणारी बाई पलीकडच्या चर्चच्या मनोऱ्याबद्दल सांगत होती; सगळी होडी मनोऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि फोटो काढू लागली.

"अहो, मनोरा तिकडे आहे!" बारेंड वरून ओरडला. "चारशे वर्षं जुना! मी ऐंशीचाच!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात वारा आला. खुर्ची गरकन फिरली, दोराला हिसका बसला आणि हातभर दोर ग्रीतच्या मुठीतून सरकला. तळवे भाजल्यासारखे झाले. तिने टाचा दगडांत रोवल्या, दात आवळले. सोडला नाही. मग दोर हळूहळू सैल होत गेला, आणि धक्क्यावरून बारेंडच्या शिव्या ऐकू आल्या. कुणीतरी खुर्ची वाकडी टेकवली होती. तिने डोळे मिटून देवाचे आभार मानले.

आम्स्टल नदीवर आन्के गाडी घेऊन थांबणार होती. तिथवर होडीने जायचं होतं, आणि होडीवाल्याने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. संग्रहालयापुढची रांग, एकामागे एक सात पूल दिसतात ते वळण, फुलांचे गाळे. बारेंडने त्यातलं काही पाहिलं नाही. त्याची मान वर, खिडक्यांकडे.

"तिथे जुळ्यांचा पाळणा चढवला. त्या हिरव्या दाराच्या वर पियानो, पावसात. म्हातारी त्याला स्वतःचा रेनकोट घालून बसली होती. आणि तिथे... तिथून एका विधुराचा पलंग उतरवला. एकाच उशीला खळगा होता."

ग्रीतने ही घरं जन्मभर पाहिली होती. आत कोण झोपतं, कोण वाजवतं, कोणासाठी काय काय चढवलं गेलं, हे आज कळत होतं. हा माणूस कामावरून आला की नुसता 'सूप दे' म्हणायचा.

"ते बघ," म्हणत त्याने तिचा हात धरला. ती कळवळली. त्याने हात उलटा केला. तळव्यावर लाल पट्टा, मधोमध फोड.

"दोराला कोण होतं?"

"चौथा माणूस आला नाही."

बारेंड बराच वेळ त्या तळव्याकडे पाहत राहिला. पूल आले, गेले.

"हातमोजे घालायचे असतात, वेडे," तो शेवटी म्हणाला. "वारा आला तेव्हा कोणी धरलं असेल, हा विचार मी वर करतच होतो. म्हटलं, हे वाउटरचं काम नाही."

आन्के धक्क्यावरून हात हलवत होती. बारेंडने होडीवाल्याला खूण केली, अजून थोडं पुढे ने, आणि टोपी काढून ग्रीतचा हात तिच्या मऊ अस्तरावर उघडा ठेवला.