अर्धे कपडे

लग्नानंतर तिने नवऱ्याचं नाव नियमबाबा ठेवलं, ते काही उगाच नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दहादा खात्री केल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचा नाही. त्याला परदेशात नोकरी लागली आणि दोघांनी जायचं ठरलं, तेव्हा त्याने बॅगा भरण्याचं एवढं प्रस्थ माजवलं, की सासूबाई म्हणाल्या, "अरे, प्रवासाला निघालायस की लढाईला?"

पासपोर्टच्या झेरॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. सगळे पैसे एका खिशात ठेवायचे नाहीत. अनोळखी माणसाचं तर सोडाच, ओळखीच्याचंही पुडकं न्यायचं नाही. आणि सगळ्यांत लाडका नियम म्हणजे दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे अर्धे. एक बॅग हरवली, तरी कुणावर अंगावरच्या कपड्यांनिशी राहायची पाळी यायला नको.

बॅगा कुठल्या हरवतात! तिचा व्हिसाच अडकला. निघायच्या आदल्या दिवशी कळलं, की छाननी चालू आहे, वाट पाहा. तो आपल्या बॅगेतून तिचे कपडे काढायला बसला, तेव्हा तिनेच त्याचा हात धरला.

"राहू दे रे. महिन्याभरात येतेच आहे मी. तेवढंच माझं ओझं कमी."

तो हसला आणि त्याने चेन लावली.

महिना सरला, उन्हाळा सरला, थंडी आली. तिचे चांगले ड्रेस तिकडे, जाड कोट तिकडे. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामावर ती आलटून पालटून तेच ते घालून जायची. "एखादा नवा घे की गं," मैत्रिणी म्हणायच्या. ती दुकानापर्यंत जायचीही, पण तिथे हात आखडायचा. नवा घेतला म्हणजे इथेच राहायची तयारी केल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं.

शेवटी तिने आपल्या बॅगेतलं त्याचं जाकीट काढलं. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. सासूबाईंनी पाहिलं, बाही नाकाशी धरली. "धुवायला टाकू नकोस हं इतक्यात," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी त्याचा फोन आला.

"ऐक ना, माझ्याबरोबरचा वायरमन सुट्टीवर येतोय. त्याच्याकडे तुझे कपडे देतो. कुडकुडत असशील."

तिने थट्टेवर न्यायचं पाहिलं. "वा रे नियमबाबा! आपलं सामान दुसऱ्याच्या गळ्यात?"

तो हसला नाही. "रोज कपाट उघडलं की समोर तेच दिसतात. बघवत नाहीत गं आता."

"मी येणार नाही, असं वाटायला लागलंय का तुला?"

"मला काय वाटायचंय? चौकशी केली की तेच उत्तर. अजून किती दिवस..."

कोट तर तिला हवाच होता. हो म्हटलं असतं, तर त्याचाही जीव हलका झाला असता.

"पाठवू नकोस," ती म्हणाली. "ते तिथे आहेत तोवर मी अर्धी तरी तुझ्याजवळ आहे. ते परत आले, की मी सगळीच्या सगळी इथली होईन. मला नाही व्हायचं."

फोनवर पलीकडे कपाटाचं दार करकरलं, हँगर सरकल्याचा आवाज आला.

"निळा ड्रेस पुढे लावतो," तो म्हणाला. "आल्या आल्या लागेल तुला."

"इस्त्री करून ठेव," ती कशीबशी म्हणाली, आणि जाकिटाच्या बाहीने तिने डोळे पुसले.