घरगुती कारण

कपडे धुवायच्या मशीनने तीनदा पीं केलं आणि दुपारची शांतता मोडली. तिने धावत जाऊन बटण दाबलं, श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. पोरीने कूस बदलली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि परत झोपली. देव पावला.

ती पुन्हा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. लेख तयार होता. पाचच्या आत तो विद्यापीठाच्या नियतकालिकाकडे पोचायला हवा होता. स्पर्धा कायद्यातल्या नव्या घडामोडींवर विशेषांक निघत होता, त्यात विद्यार्थ्यांसाठी एकच जागा होती, आणि अट अशी की मुद्दा नवाकोरा हवा. तिचा तसा होता. व्यापारी संगनमत करून भाव वाढवतात तेव्हा कायदा बैठक शोधतो, फोन शोधतो, चिठ्ठी शोधतो. पण आता भाव संगणक ठरवतात. ते एकमेकांवर डोळा ठेवतात आणि कोणी अवाक्षरही न बोलता भाव जोडीने चढतात. हेसुद्धा संगनमतच, असं ती प्रथमच मांडत होती. ‘प्रथमच’ हा शब्द तिने पहिल्याच वाक्यात मोठ्या ऐटीत बसवला होता. लेख लागला तर बाळंतपणात सुटलेलं संशोधन पुन्हा सुरू करून देऊ, असं तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या.

उरली होती एक तळटीप. एका जुन्या व्याख्येसाठी ग्रंथपालबाईंनी तेवीस वर्षांपूर्वीचा एका विद्यार्थिनीचा प्रबंध स्कॅन करून पाठवला होता. व्याख्या बाराव्या पानावर होती. ती बारावर थांबली असती तर बरं झालं असतं.

चौदाव्या पानावर एक रस्ता होता. रस्त्याच्या दोन बाजूंना गाड्या लावायच्या दोन जागा, दोघांच्या दारात खडूने दर लिहिलेला फळा. मालकांचं मधल्या गटारावरून कोर्टात भांडण; एकमेकांचं तोंड बघत नसत. तरी इकडचा दर पुसला गेला की अर्ध्या तासात तिकडचा पुसला जाई. प्रबंध लिहिणारीने समोरच्या इमारतीतल्या आपल्या खिडकीत बसून हे सात महिने टिपलं होतं. तारीख, वेळ, कोणी आधी, कोणी नंतर. पानंच्या पानं. आणि शेवटी एक वाक्य: ‘संगनमताला शब्द लागत नाहीत, नजर पुरते, उद्या हे बघत बसायचं काम यंत्रं करतील, तेव्हा कायदा कुणाला साक्षीला बोलावणार?’

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे होते हे भाव ठरवणारे संगणक? कुठे होत्या नव्या घडामोडी? एका खिडकीतून, दोन फळे बघून, या बाईने पुढची वीस वर्षं पाहिली होती.

नोंदींमध्ये जागोजागी भोकं होती. त्यांच्यासाठी एक तळटीप होती. ‘दुपारी दोन ते चार या वेळेतल्या नोंदी अपूर्ण आहेत. कारण घरगुती.’

ती त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने विद्यापीठाच्या यादीत त्या नावाने शोधलं. पुढे काहीच नव्हतं. एक लेख नाही, एक टिपण नाही.

तिने मॅडमना फोन लावला.

“मॅडम, माझा मुद्दा कोणीतरी आधीच मांडलाय.”

“अगं, जगात सगळं कोणीतरी आधीच मांडलेलं असतं. छापलंय का कुठे?”

“नाही. प्रबंधात आहे. कपाटात पडून होता.”

“मग दे ना एक तळटीप. चाळिसाव्या नंबरला. तिथवर वाचतंय कोण?”

“ती खिडकीत बसून...”

“खिडकीत बसू दे नाहीतर गच्चीवर. हे बघ, ‘प्रथमच’ काढलंस तर जागा गेली म्हणून समज. मग माझ्याकडे रडत यायचं नाही. पाच वाजता दार बंद, माझ्यासाठीसुद्धा.”

फोन ठेवला तेव्हा साडेचार होत होते. ती पहिल्या वाक्याकडे बघत राहिली. मग तिने ‘प्रथमच’ खोडलं. त्या जागी प्रबंध लिहिणारीचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढे रस्ता, दोन फळे, खिडकी. आपला मुद्दा तिने तिच्या मागे, दुसऱ्या परिच्छेदात नेला. मागे उभा राहिल्यावर तो जरा सरळ दिसायला लागला. पाचला सात मिनिटं असताना लेख गेला.

“आई, काय करतेस?” पोरगी उशी ओढत दारात उभी होती.

“एका आईचं नाव लिहिलं.”

“कोणाची आई?”

“माहीत नाही गं. खिडकीत बसून लिहायची. तिचं बाळ दुपारी झोपायचंच नाही बहुतेक.”

पोरगी खुदकन हसली, मांडीवर चढली. “माझ्यासारखं! मग आता काय लिहिते ती?”

“आता नाही लिहीत. तेवढं एकदाच लिहिलं.”

पोरीने पडद्यावरचं ते नाव बोटाने पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही.

“पण आई, ते बाळ तर आता मोठं झालं असेल ना? मग आता का नाही लिहीत?”