पोपटांचे डोळे

मूल नावाच्या गावी भाताच्या गिरणीला लागून, टिनाच्या छपराखाली, इनायत नामक कारागिराचे दुकान होते. सायकलींची पंक्चरे आणि गॅसबत्त्या यांपलीकडे त्याच्या विद्येची धाव नाही, असा समस्त बाजारपेठेचा ग्रह झालेला होता. तो ग्रह खोडून काढण्याची संधी आज प्रथमच त्याच्या दारी चालत, किंबहुना फटफटत, आली होती.

भैयाजी नामक सधन शेतकऱ्याने लढाईच्या काळातील एक विलायती फटफटी खरेदी केली होती. ती पळे उत्तम; परंतु तिचा दिवा लागत नव्हता. त्याच सायंकाळी पुतण्याची वरात होती, आणि नवरदेव फटफटीवर आरूढ होऊन दिव्याच्या प्रकाशात येणार, असे भैयाजींनी पंचक्रोशीत सांगून ठेवले होते. दिवेलागणीपूर्वी उजेड पडला तर ह्या गाडीची दुरुस्ती कायमची तुझ्या हाती, न पडला तर उद्याच्या रेल्वेने नागपूरच्या मिस्त्रीकडे, एवढे बजावून ते मांडवाकडे परतले.

इनायतने बल्ब काढून तारांनी थेट बॅटरीस जोडला, तो लख्ख पेटला. भोंगा तर असा गर्जे की गिरणीतील हमाल पोते टाकून पाहत. म्हणजे बल्ब निर्दोष आणि बॅटरीही निर्दोष. मग त्याने बटण खोलून घासले, दिव्याकडे जाणारी तार नवी घातली. बल्ब जागेवर बसविला की पुन्हा अंधार.

त्याचा स्नेही लटारू रंगारी शेजारीच बिडी ओढीत बसला होता. बैलांच्या बंड्या रंगविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उघडे लोखंड गंजते, या त्याच्या नियमानुसार त्याने लग्नासाठी फटफटीला तीन हात रंग दिला होता. दिव्याला दोहों बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्यांवर त्याने एकेक हिरवा पोपट रेखाटला होता, आणि पट्टीचा बोल्ट हाच पोपटाचा डोळा केला होता.

“इनायतभाई,” तो म्हणाला, “तुह्या सायकलीले दिवा कुठी असते? तुले काऊन कळन त्याचं?”

घाम पुसताना इनायतच्या हातचा स्क्रू पिळण्याचा लोखंडी पेचकस निसटला व दिव्याची चकचकीत कडी आणि हँडलची बिनरंगी दांडी या दोन्हींना टेकून आडवा पडला. तत्क्षणी दिवा पेटला. त्याने पेचकस उचलला, दिवा विझला. पुन्हा ठेवला, पेटला. हा खेळ त्याने चार वेळा केला आणि त्याच्या मुखावर हसू पसरले.

वीज तारेतून दिव्यात जाते, पण परतते गाडीच्या लोखंडातून, हे त्याने लटारूला समजावून सांगितले. दिव्याचे लोखंड पट्टीला टेकायचे तेथे आता रंगाचा जाड थर होता. “पाहुण्याले येयाले दार ठेवलं तू,” इनायत म्हणाला, “अन् जायाचं लिंपून टाकलं.”

म्हणजे पोपट खरवडणे आले. इनायतने चाकू हाती घेतला, परंतु त्या रेखीव चोचींकडे पाहून त्याचा हात चालेना. दोन दिवस लटारू श्वास रोखून ते पोपट काढीत होता, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. तिकडे मांडवात वाजंत्री सुरू झाली. लटारूने बिडी विझविली.

“आण इकडं. तुह्यानं नाई होत,” असे म्हणून त्याने चाकू घेतला, बोल्ट सोडविले, आणि ते व त्यांच्या खालची तेवढीच जागा स्वहस्ते खरवडून पांढरीशुभ्र केली. इनायतने बोल्ट आवळले, बटण फिरविले; आणि गिरणीच्या भिंतीवर टपोऱ्या चंद्रासारखा उजेड पडला. हमालांनी टाळ्या पिटल्या.

भैयाजी आले तेव्हा त्यांची दृष्टी प्रथम उघड्या बोल्टांवर गेली. एवढ्या सुंदर कामात हे लोखंड काऊन उघडे, असे त्यांनी काहीशा नाराजीने विचारले.

“आतापर्यंत पोपट आंधळे होते, भैयाजी,” लटारू शांतपणे म्हणाला. “इनायतभाईनं त्याईले नजर देल्ली. मंग रस्ता दिसला.”

भैयाजी पोट धरून हसले. आपल्या साडूचीही एक फटफटी बल्लारपुरास बंद पडून आहे, ती परवा इकडेच धाडतो, असे त्यांनी इनायतला सांगितले. वरात निघाली तेव्हा नवरदेवाच्या पुढे चालण्याचा, भैयाजींनी देऊ केलेला मान मात्र इनायतने लटारूला दिला. आणि उजेडात आपली लांबच लांब सावली पुढे टाकीत लटारू डौलाने नाचत गेला.